तक्रारीवर आवक क्रमांक पडला का?

मुंबईतील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर असलेल्या एक वाचक लिहितात: “अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थिनीला वर्गातल्या दोघी कित्येक महिने ‘चिनी’ म्हणून हिणवत होत्या. मेसमध्ये त्यांनी तिच्या ताटात उष्टे टाकले, तेव्हा तिने एकीला ढकलले. प्राचार्यांच्या सांगण्यावरून मी तिघींकडून एकमेकींची माफी मागणारा माफीनामा लिहून घेतला. आता तिचे वडील पोलिसांत जाणार आहेत. मुली एकाच वर्गातल्या असल्याने हे रॅगिंग नव्हे, असे प्राचार्य म्हणतात. मी काय करावे?”

अशी पत्रे मला वारंवार येतात आणि बहुतेकांत समेटाचा कागद तयार असतो, तक्रारीचा मात्र नसतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमातील कलम ६ नुसार, लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. त्यात कसूर झाल्यास कलम ७ प्रमाणे संस्थाप्रमुखानेच गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. तुमच्या प्रकरणात ही मुदत अजून सुरूच झालेली नाही, कारण लेखी तक्रारच नाही. कित्येक महिने हे तुमच्या कानावर येत असेल आणि तुम्ही एक ओळही लिहून ठेवली नसेल, तर तो निष्काळजीपणा गंभीर आहे. तो आजच सुधारा. ही तक्रार शिक्षकालाही करता येते, तेव्हा मुलीची वाट न पाहता स्वतः तारखांसह लिहा, कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत जवळ ठेवा.

प्राचार्यांचा युक्तिवाद टिकणारा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार वंश, वर्ण, प्रादेशिक मूळ, रूप अशा कारणांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ आणि वाळीत टाकणे हेही रॅगिंगच आहे, मग पीडित विद्यार्थी नवा असो वा जुना.

माफीनामा कृपा करून फाडू नका. महिनोन्‌महिने अपमान सोसलेल्या मुलीला आणि अपमान करणाऱ्यांना त्याने एकाच पारड्यात बसवले, हा अन्याय आहेच. पण त्यावरील तारखेमुळे महाविद्यालयाला प्रकार केव्हा कळला होता, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

ॲट्रॉसिटी कायदा (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा) लागू होईल का, हे मी ठामपणे सांगणार नाही. मुलीची जमात अरुणाचलच्या अनुसूचित जमातींच्या यादीत असल्यास, राज्याबाहेरही त्या कायद्याचे संरक्षण मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला आहे. मात्र त्या दोघी स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या आहेत का, अपमान इतरांसमक्ष झाला का आणि त्यामागे जमातीवरून हिणवण्याचा हेतू होता का, हे पुराव्यांवर ठरेल. वंशद्वेषी शेरेबाजीसाठी स्वतंत्र कलम असावे, ही ईशान्य भारतातील लोकांच्या प्रश्नांसाठी केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीची २०१४ ची शिफारस होती. ते कलम असते तर या मुलीला इतक्या अटींतून जावे लागले नसते.

वडिलांना पोलिसांत जाण्यापासून परावृत्त करू नका. खटला वर्षानुवर्षे रेंगाळेल आणि तोवर मेसमधल्या साक्षीदार मुली पदवी घेऊन गावोगावी पांगतील, म्हणून त्यांचे सह्यांनिशी जबाब आताच घ्या. मेसमधील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच तक्रारीत करा, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते आणि कोणतेही न्यायालय ते परत आणू शकत नाही.