मेंदूचा पूर्ण अभ्यास झाला की 'जाणीव म्हणजे काय' हे विज्ञानाला कळेल का?

नुसता मेंदू मोजून कळेल, असं मला वाटत नाही. लाल रंग पाहताना डोळ्यातल्या कोणत्या पेशी जाग्या होतात, संदेश मेंदूत कुठे पोचतो, हे विज्ञान नेमकं सांगतं. पण लाल 'दिसण्याचा' अनुभव मुळात का असतो, हे त्यातून निघत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ च्या लेखात यालाच 'अवघड प्रश्न' म्हटलं. जाणिवेमागची मेंदूतली यंत्रणा २५ वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी लावली आणि २०२३ मध्ये हार मानली. खरं तर यंत्रणा शोधणं ही या कोड्याची सोपी बाजू होती! मात्र एवढ्यावरून आत्मा सिद्ध झाला, असं कुणी म्हणालं तर तेही मानू नका.