किंक्रांतीपर्यंतचा आठवडा

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. गुरुवारी रात्रीच्या गाडीने पुणे सोडायचं, शुक्रवार ते रविवार नागपूरला बालरोगतज्ज्ञांची राज्य परिषद, सोमवारी हैदराबाद, मंगळवारी तिथली रक्तविकारांची कार्यशाळा, बुधवारी संक्रांतीच्या रात्री सोलापूरला आजीकडे आणि शुक्रवारी परत. मधल्या फटींत धरमपेठेतली मावशी, मानेवाड्याचे काका, आईची शाळेतली मैत्रीण, चुलतबहिणीचं नवं घर, आणि शेवटी 'जमल्यास दीक्षाभूमी'. कागदावर सगळं नीट बसलंय. कागदाला काय, त्याचे पाय दुखत नाहीत.

झेपेल का, असं विचारलंस. धावपळ झेपेल, तुझ्या वयाला झेपते. मला काळजी वेगळीच आहे. अशा आठवड्यात कोणी ना कोणी नाराज होणारच. ते कोण, हे तू ठरवणार आहेस की आयत्या वेळी उशिरा आलेली गाडी ठरवणार? आधी ठरवलं नाही की जो सगळ्यात कमी कुरकुर करतो, त्याच्याच वाट्याचा वेळ कापला जातो. तुझ्या यादीत तो माणूस म्हणजे आजी. तिच्यासमोर तू आत्ताच 'दीड दिवस, बहुतेक' असं लिहून ठेवलंयस.

तेव्हा आधी फोन कर. काकांना आजच सांग, "काका, या फेरीत मानेवाड्याला येणं होणार नाही, उन्हाळ्यात दोन दिवस राहायलाच येते." ते दोन मिनिटं रागावतील, तुझ्या आईकडे तक्रार करतील, मग विसरतील. पण "बघते, जमलं तर येते" असं म्हणालीस की काकू पाटवडीचा रस्सा करून रात्री नऊपर्यंत वाट बघणार, आणि तू परिषदेच्या आवारात रिक्षा शोधत उभी. तो राग वर्षभर टिकतो आणि त्यात काकूंचं काही चूक नाही. आईच्या मैत्रिणीला संक्रांतीची शुभेच्छा फोनवर दे. चुलतबहिणीला मावशीकडेच बोलाव. तिला स्कूटर आहे, तुला नाही.

मावशीकडे मात्र नुसती पायधूळ झाडायला जाऊ नकोस. शनिवार आणि रविवार, दोन्ही रात्री तिथेच झोप. शनिवारी परिषदेची बँक्वेट असते, ती सोड. मोठमोठ्याने गाणी, साडेदहापर्यंत जेवणाचा पत्ता नाही, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते आठलाच निघून गेलेले, हे मी इतकी वर्षं बघत आलेय. शिवाय तुझी सोमवारची वंदे भारत नागपूरहून पहाटे पाचला सुटते. वर्धा रोडवरच्या हॉटेलातून तीनला उठून टॅक्सी बोलावण्यापेक्षा धरमपेठेतून मावसभाऊ दहा मिनिटांत स्टेशनवर सोडेल. कुरकुरत सोडेल, पण सोडेल.

आता परिषदेचं. तुझा विषय सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलांमध्ये हायड्रॉक्सियुरिया या त्यावरच्या औषधाचा पाठपुरावा, आणि तू तो मांडणार आहेस नागपुरात! समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या ओपीडीत दर आठवड्याला ही मुलं येतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाचे लोक असतील. त्यांना १९१० साली डॉ. हेरिकने शिकागोत या आजाराचं पहिलं वर्णन कसं लिहिलं ते सांगू नकोस. कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशीचं चित्रही नको. १ जुलै २०२३ ला केंद्राने निर्मूलन मोहीम सुरू केली आणि २०४७ हे लक्ष्य ठेवलं, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तपासणीचे तक्ते तेच भरतात. या तीन स्लाइड काढल्यास की तुझ्या आठ मिनिटांतली दोन मोकळी होतात.

ती दोन मिनिटं औषध सोडलेल्या मुलांना दे. तुझ्या पहिल्या मसुद्यात ती मुलं 'पाठपुरावा तुटला' अशा एका ओळीत गायब झाली होती. किती सोडून गेली, कितव्या महिन्यात, का? कॅप्सूल गावात मिळत नव्हती, रक्ततपासणीसाठी दर खेपेला मजुरी बुडत होती, की मूल बरं वाटतंय म्हणून आईनेच थांबवलं? सभागृहातून हाच प्रश्न येणार. उत्तर नसेल तर "ही माहिती आम्ही गोळा केली नाही" असं सरळ सांग आणि खाली बस. अध्यक्ष मंडळी अशा उत्तराला टोचत नाहीत. गोलमाल उत्तराला टोचतात.

काही बारीकसारीक. सादरीकरण पेन ड्राइव्हवर, ईमेलमध्ये आणि पीडीएफ करून, असं तीन ठिकाणी ठेव, आणि आदल्या दिवशी प्रिव्ह्यू रूममध्ये त्यांच्या संगणकावर उघडून बघ. तुझ्या लॅपटॉपवर देखणा दिसणारा फॉन्ट तिथे चौकोन चौकोन होऊन येतो. पोस्टर ए-झीरो मापाचं मागितलंय, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. कागदावर छापलंस तर एवढी लांब नळी घेऊन तीन शहरं आणि दोन घरं फिरावी लागेल. कापडावर छापून घे, घडी करून साड्यांमध्ये ठेव. हजेरीचा बारकोड रोज स्कॅन कर. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत तीस क्रेडिट लागतात आणि प्रमाणपत्रासाठी नंतर आयोजकांच्या मागे लागणं फार कंटाळवाणं असतं.

पोस्टरच्या वेळी पोस्टरपाशी उभी राहा. सगळे ते टांगतात आणि चहाला जातात. ज्याने खरंच हे काम केलंय तो हळूच येतो, वाचतो आणि बघतो की शेजारी कोणी नाही. मग निघून जातो. तुला तोच माणूस हवाय. व्यासपीठावरून उतरलेल्या दिग्गजांभोवती फोटोसाठी गर्दी असेल, त्यांना लांबून नमस्कार पुरे. जिल्हा रुग्णालयात वर्षानुवर्षं ही मुलं सांभाळणारी एखादी बाई किंवा बाबा शोध, त्यांच्याबरोबर एक कप चहा घे आणि विचार, "तुमच्याकडे मुलं औषध का सोडतात?" संपूर्ण परिषदेतून एवढं एक संभाषण घेऊन आलीस तरी नोंदणीचे पैसे वसूल.

कंपनीचा प्रतिनिधी हॉटेलचं बघतो म्हणाला, असं तू ओझरतं लिहिलंयस. नको. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने जी विपणन संहिता आणली, तिच्यात परिषदेला जाणाऱ्या डॉक्टरला किंवा घरच्यांना प्रवास आणि मुक्काम पुरवायला मनाई आहे. वक्त्याचा अपवाद आहे. पोस्टर लावणारी निवासी डॉक्टर वक्ता होते का, याचा कीस पाडत बसू नकोस. मावशीचं घर आहे, शुक्रवारच्या रात्रीपुरती मैत्रिणीबरोबर खोली वाटून घे. त्याच्याशी गोड बोल, तो त्याची नोकरी करतोय.

घरच्या भेटींत तुला जे कोणी शिकवलं नसेल, त्यावर आता थोडं सविस्तर लिहिते. मावशीकडे चहाच्या आधी फाइल बाहेर येईल. "तू डॉक्टर ना गं, हे जरा बघ." मावशीच्या यजमानांचा साखरेचा रिपोर्ट, शेजारच्या काकूंचा गुडघ्याचा एक्स-रे (काकू स्वतः दारात उभ्याच असतील), मावसभावाच्या बाळाचं वजन. "मी लहान मुलांची डॉक्टर आहे" हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. चिडूही नकोस, दोन-तीन दिवस मोठ्या लोकांसमोर इंग्रजीत बोलून आल्यावर हा प्रश्न फार क्षुल्लक वाटतो, तसा तो नसतो. दिव्याखाली बस, दहा मिनिटं मन लावून वाच, तारखा बघ. पण दुसऱ्याने चालू केलेलं औषध बदलू नकोस. तू पहाटे गाडीत असणार, आणि साखर खाली गेली तर रात्री दोनला धावून येणार ते कोपऱ्यावरचे डॉक्टरच. त्यांना विचारायचा एक प्रश्न चिठ्ठीवर मराठीत लिहून दे: 'क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं?' एवढंच. बाळाचं मात्र तुझं काम आहे. तिथे हातचं राखू नकोस. बाळाला उघडं करून नीट तपास, वाढीच्या तक्त्यावर जुनी वजनं मांड, आणि सगळं ठीक असेल तर ते बाळाच्या आजीच्या, म्हणजे मावशीच्या देखत मोठ्याने सांग, म्हणजे सुनेचा जीव सुटेल.

हैदराबादबद्दल फार लिहीत नाही. गाडी दुपारी सिकंदराबादला पोचते. ती संध्याकाळ मोकळी ठेव, चारमिनार बघायला धावू नकोस, झोप काढ. कार्यशाळा लहान आहे, पंचवीस-तीस माणसांत डुलकी लपत नाही. बुधवारी सोलापूरसाठी हुसेनसागर एक्स्प्रेस धरायची ती नामपल्लीहून, म्हणजे तिकिटावर जे हैदराबाद डेक्कन लिहिलेलं असतं ते. सिकंदराबादच्या स्टेशनावर जाऊन उभी राहू नकोस.

सोलापूरला रात्री उतरशील तेव्हा सिद्धेश्वरांच्या यात्रेची गर्दी असेल. संक्रांतीच्या रात्री नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात. मामांना मोटारसायकल घेऊन स्टेशनच्या मागच्या बाजूला यायला सांग आणि सामान एकाच पाठपिशवीत बसेल एवढंच ठेव. परिषदेत मिळालेली बॅग, डायरी, मग हे सगळं मावशीकडेच सोडून दे. संत्रा बर्फीचा एक डबा मात्र आजीसाठी आण.

गुरुवारी किंक्रांत. आजी त्या दिवशी तुला प्रवासाला निघू देणार नाही आणि ते तुझ्या पथ्यावरच आहे. म्हणजे दीड दिवसाच्या 'बहुतेक'चा प्रश्नच मिटला. तो दिवस पूर्ण तिचा. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत जायचं का, हे तिला विचार. जायचं म्हणाली तर सकाळी ने, संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. नाही म्हणाली तर घरी बस. लॅपटॉप उघडू नकोस.

आणि दुपारी ती लवंडली की तिचा औषधांचा डबा बघ. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो बहुतेक आज्यांचा. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने एकेक गोळी सुटी करून ठेवलेल्या असतात, घ्यायला सोप्या पडाव्यात म्हणून. कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि बाकीच्या गोळ्या निनावी राहतात. एकाच रक्तदाबाच्या औषधाचे दोन कंपन्यांचे दोन रंग त्यात सापडले तर ती दोन्ही रोज घेतेय का, हे विचार. ओरडू नकोस. "सकाळी कुठली घेतेस, मला दाखव ना" म्हण. ती दाखवेल. निनावी गोळ्या बाजूला काढ, नव्या पट्ट्या आण, कापू नको म्हणून सांग, आणि मामांच्या फोनमध्ये सगळ्यांचा फोटो काढून ठेव. तुझ्या औषध सोडलेल्या मुलांच्या घरीही असाच एखादा डबा असणार. तो कोणी उघडून बघितला का, हे पुढच्या खेपेला तुमच्या समाजसेवा अधीक्षकांना विचार.

निघण्याआधीचं एक राहिलं. वॉर्डातल्या मुलांची जबाबदारी तोंडी देऊन येऊ नकोस. खाट क्रमांक, काय चालू आहे, कशावर लक्ष ठेवायचं आणि कुणाच्या आईशी काय बोलणं झालंय, हे एका कागदावर लिहून दे आणि त्यावर तुझ्याऐवजी कोणाला फोन करायचा तो नंबर घाल. तुझा नको. तू पोस्टरपाशी उभी असताना वॉर्डातून कुणाच्या पोटॅशियमच्या रिपोर्टचा फोन आला तर दोन्हीकडचं बिघडतं.

शुक्रवारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस घे, दुपारच्या आत पुण्यात येशील. कपडे धुवायला टाक, प्रवासभत्त्याचं बिल त्याच दिवशी भर, सगळी तिकिटं जोडून. शनिवारी राउंडला जायचंय. हुतात्माचं आरक्षण झालंय ना? हल्ली साठ दिवस आधीच खिडकी उघडते आणि यात्रेच्या दिवसांत ती गाडी भरते. वेटिंग लिस्ट असेल तर मामांना बसचं बघून ठेवायला आजच सांग.

काकांना फोन केलास की मला मेसेज कर.

तुझी,
मॅडम