पानं झडली म्हणजे धायटी मेली का?

प्रश्न : ऐरोलीत आमचं रो-हाऊस आहे. तीन वर्षांपूर्वी पुढच्या वाफ्यात धायटी, म्हणजे लाल फुलांचं ते रानझुडूप, लावलं. पावसाळ्यात ती पिवळी पडते, दसऱ्या-दिवाळीत माळी छाटून देतो आणि जानेवारीत नुसत्या काड्या उरतात. फूल एकदाही नाही. पाणी रोज दोन्ही वेळा घालते. झाड मेलं असेल तर उपटून, ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातून दुसरं रोप आणावं म्हणते.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, उपटू नका. एखाद्या काडीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे. थंडी सरता सरता धायटी पानं टाकतेच आणि त्या उघड्या काड्यांवरच फुलते.

फुलं न येण्याचं कारण मला दिवाळीच्या छाटणीत दिसतं. धायटीचे गुच्छ आधी वाढून जून झालेल्या फांद्यांवर लागतात. माळीदादा नेमक्या त्याच कापतात. आता जानेवारीपर्यंत कात्री लावू देऊ नका. छाटायचंच तर फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी.

दुसरी गोष्ट पाण्याची. डोंगरउतारावर मुरमात वाढणारं हे झुडूप. मुळं धरलेल्या झाडाला हिवाळ्यात पंधरवड्याला एकदा आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा पाणी पुरतं. धायटी उन्हाने सहसा मरत नाही, ती आपल्या पावसात मरते. येऊरच्या चढावर पाणी वाहून जातं, तुमच्या सपाट वाफ्यात ते तुंबतं. माझी पहिली धायटी अशीच गेली. मी हौसेने खोल खड्डा काढून शेणखत भरलं. जुलैत त्याचा हौद झाला. रोप उपसलं तेव्हा मुळं काळी पडली होती, चिमटीत साल सुटून येत होती. त्याची हळहळ मला अजून वाटते. दुसरं रोप मुरूम आणि विटांचे तुकडे घालून फूटभर उंचवट्यावर लावलं, ते तिसऱ्या जानेवारीत फुललं. तुमचं झाड हलवू नका, मेअखेरीस वाफ्याच्या कडेने चर काढून पाण्याला वाट द्या. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो.

फुललं की एक फूल जवळून बघा. बोटाच्या पेराहून आखूड, किंचित वाकलेली नळी, बाहेर डोकावणारे पुंकेसर. लाल रंग पाकळ्यांचा नाही, त्या तर इवल्याशा असतात. रंग आहे पुष्पकोषाचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाचा, म्हणून तो बरेच दिवस टिकतो. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य वापरतात ती हीच फुलं. सकाळी शिंजीर काडीला लोंबकळून नळीत चोच घालतो, तेव्हा खिडकीपासून हलवत नाही मला. आणि हो, पानाच्या खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके असतात. तो रोग नव्हे, फवारणी करू नका.

येऊरहून रोप मात्र आणू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथलं झाड उपटणं गुन्हा आहे. शिवाय खडकाच्या फटीत शिरलेली मुळं तुटल्यावाचून निघत नाहीत. तुमचंच झाड तगलं की पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर छाटा रेतीमिश्रित मातीत सावलीला लावा. सगळ्या फुटत नाहीत, तेव्हा सात-आठ तरी लावा.