नवऱ्याचे पूर्वज वेल्सच्या सीमेवरचे आहेत. घराण्याचा शोध घ्यायला कोणत्या साईटचे पैसे भरावेत?

एकाही नाही. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचे आजोबा नाइटनजवळच्या खेड्यातले, आडनाव पॉवेल, आणि एका साईटवर कुणीतरी केलेली 'तयार वंशावळ' दिसतेय, पैसे भरले की उघडेल. ते वाचून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन बावीस वर्षं याच भागात राहते. असल्याच एका तयार वंशावळीपायी आमच्या घरात चार वर्षं अबोला होता.

माझं सासर प्राइस. आतेसासूबाईंनी एका साईटवरून वंशावळ उतरवून घेतली, सुरेख अक्षरात लिहवून फ्रेम केली आणि दिवाणखान्यात लावली. सगळ्यात वर लुवेलिन, स्वतंत्र वेल्सचा शेवटचा राजपुत्र, १२८२ साली किलमेरीजवळ मारला गेला तो. तळाशी माझी दोन मुलं. पाहुणे आले की आधी फ्रेम दाखवली जायची. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

शंका आली ती नावांमुळे. आपण मधे बापाचं नाव लावतो ना, इथे पूर्वी तेवढंच असायचं. अमका अप् तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा. पुढच्या पिढीत ते बदलणार. नंतर आडनावं पक्की झाली तेव्हा हा 'अप्' त्यांतच मुरला. अप् रीसचं प्राइस, अप् हवेलचं पॉवेल, अप् ह्यूचं प्यू, अब् ओवेनचं बोवेन. म्हणजे दोन प्राइस घराण्यांचं नातं असायलाच हवं असं नाही. त्यांच्या पूर्वजांत कुणीतरी रीस होता, एवढंच. फ्रेममध्ये मात्र पंधराव्या शतकापर्यंत एकाखाली एक नुसते प्राइस. तुमचे पॉवेलही असेच कुठवर वर जातात ते आधी बघा.

मग मी जनगणना उघडली. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचे. सासऱ्यांचे खापरपणजोबा तिथे २० वर्षांचे, शेतावरचे गडी. आतेसासूबाईंनी (खरं म्हणजे त्या साईटवरच्या कुणीतरी) वीस धरून १८२१ सालचा, त्याच नावाचा, भलत्याच गावचा बाप्तिस्मा जोडून टाकला होता. १८५१ ची जनगणना बघायचे कष्टच घेतले नव्हते. तिथे वय आहे ३२ आणि जन्मगाव स्पष्ट लिहिलंय, प्रेस्टीन.

आता प्रेस्टीन आहे वेल्समध्ये, पण तिथलं चर्च इंग्लंडमधल्या हेरिफर्डच्या बिशपच्या ताब्यात. १९२० मध्ये वेल्सचं चर्च वेगळं झालं तेव्हाही ते हेरिफर्डकडेच राहिलं. म्हणून वेल्सच्या नोंदींत शोधत बसलात तर हाती काही लागत नाही, आणि मग माणूस जवळपासचं दिसेल ते उचलतो. बिशपच्या कचेरीत गावोगावच्या नोंदींच्या दरसाल प्रती जायच्या, त्या आज हेरिफर्डच्या दप्तरखान्यात आहेत. मी तीन शनिवार तिथे बसले. तिसऱ्या शनिवारी सापडलं. १८१८, मुलाचं नाव, आईचं नाव, पुढे 'सिंगल वुमन'. बापाचं नाव नाही.

म्हणजे प्राइस हे आईचं आडनाव होतं.

गावच्या गरीब-निधीच्या कागदांत पुढचा धागा मिळाला, दोन मॅजिस्ट्रेटांच्या हुकुमाचा. शेजारच्या गावच्या एका गड्याने या मुलासाठी आठवड्याला दीड शिलिंग द्यायचं. आणि तो देत होता, वसुलीच्या वहीत नऊ वर्षं नोंदी आहेत. त्या दीड शिलिंगांच्या नोंदी बघून मला रडू आलं होतं. माझ्या मुलांचा पूर्वज तो आहे, लुवेलिन नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आतेसासूबाई म्हणाल्या, "ही तुझी माणसं नाहीत, तुला काय कळणार!" मला ते आजही लागतं. माझे आजोबा श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्या नावं घेऊन सांगायचे. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांच्या वहीत त्याच्याही मागचे सापडले. पूर्वजांचं नाव चुकू द्यायचं नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. माणसं माझी नसती तर तीन शनिवार मी कशाला घालवले असते?

सासरे त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. महिन्याभराने म्हणाले, "मला ती जागा दाखवशील?" जागा मला टाइद मॅपवर मिळाली होती. चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा १८३६ च्या कायद्याने रोखीत आला, त्यासाठी हे नकाशे झाले. आपल्या गावनकाशाला सातबारा जोडल्यासारखे आहेत ते. मालक कोण, कसतंय कोण, शेताचं नाव, क्षेत्र, पीक, सगळं त्यात. त्या बाईचा भाऊ एका खोपटात राहत होता, ती त्याच्याकडे. आता तिथे घर नाही, मेंढ्या चरतात. सासरे फाटकाला हात टेकून बराच वेळ उभे होते. परत येताना गाडीत त्यांनी त्या बाईचं नाव दोनदा घेतलं, पाठ करत असल्यासारखं.

तर तुमचा प्रश्न. वेल्समधले टाइद मॅप, १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं आणि १९१९ पर्यंतची वर्तमानपत्रं अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीने फुकट खुली केली आहेत. सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदी १ जुलै १८३७ पासून, पण १८७५ पर्यंत जन्म न नोंदवल्याबद्दल दंडच नव्हता, त्यामुळे काही मुलं त्यात नाहीतच. नाइटनची गंमत अशी की गाव वेल्समध्ये आणि रेल्वे स्टेशन नदीपलीकडे इंग्लंडात. त्याच्या नोंदणी जिल्ह्यात तर तीन काउंट्यांमधली गावं होती. तेव्हा प्रत्येक खेड्याची काउंटी, नोंदणी जिल्हा आणि बिशप असं तीन्ही वेगवेगळं तपासा. रॅडनरशरचे, म्हणजे नाइटन-प्रेस्टीनच्या जुन्या काउंटीचे, बाकीचे कागद लँड्रिंडॉड वेल्सला पॉविस या आताच्या काउंटीच्या दप्तरखान्यात.

जनगणनेची पानं बघायला कधीतरी पैसे भरावे लागतील, ते मान्य. तेव्हा एकच महिना घ्या. आणि घराणं बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं असेल तर तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा शोधूच नका, ते करत नाहीत. डीएनए चाचणीचं मी बोलत नाही, ती मी केलेली नाही. हेही सांगायला हवं की साईटवरच्या सगळ्याच वंशावळी चुकीच्या नसतात. पण खाली कागदाचा दाखला नसेल तर ती मी घरात लावणार नाही. आमची फ्रेम अजून भिंतीवर आहे. आतेसासूबाई आता माझ्याशी बोलतात, पण फ्रेमचा विषय निघत नाही.

आजोबांची बहीण हयात आहे असं तुम्ही लिहिलंय. पैसे भरण्याआधी त्यांना फोन करा आणि शेताचं नाव विचारा. इथे एकेका गावात दहा पॉवेल असायचे, माणसं एकमेकांना शेताच्या नावानेच ओळखायची. ते नाव कळलं की इथे लिहा, नकाशात मी शोधून देते.