प्रत्येक स्टॉपला सरसकट २० सेकंद धरलेस तर बस जोडीने येणारच नाहीत

तुझा प्रश्न असा की पुण्यातल्या एका रूटचं सिम्युलेशन केलंस, प्रत्येक स्टॉपला २० सेकंद थांबा धरलास, ट्रॅफिकसाठी थोडा रँडमपणा घातलास, आणि कॉम्प्युटरवर बस साधारण दहा-दहा मिनिटांनीच धावतायत, रस्त्यावर मात्र अर्धा तास एकही नाही आणि मग तीन एकदम. रँडमपणा वाढवलास तरी बस पुढेमागे होतील, फार तर योगायोगाने कधी जवळ येतील, रस्त्यावरच्यासारख्या एकमेकींना चिकटून राहणार नाहीत. चिकटतात ते चढणाऱ्या माणसांमुळे, आणि नेमकं तेच तू कॉन्स्टंट करून टाकलंयस.

समज स्टॉपवर मिनिटाला २ माणसं येतात आणि एकाला चढायला ३ सेकंद लागतात. बस १ मिनिट लेट आली की २ माणसं जास्त, म्हणजे अजून ६ सेकंद लेट. पुढच्या स्टॉपला ६६ सेकंदांवर परत १० टक्के, असं प्रत्येक स्टॉपला १.१ ने गुणत जा, १० स्टॉपनंतर त्या एका मिनिटाची अडीच मिनिटं होतात आणि २० स्टॉपनंतर जवळजवळ पावणेसात. मागच्या बसला तोपर्यंत स्टॉपवर माणसंच उरलेली नसतात, ती पटापट सुटत येते आणि पुढचीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणित मांडलंय. सेकंदाला येणारी माणसं गुणिले माणशी लागणारे सेकंद, हा आकडा (इथे ०.१) प्रत्येक स्टॉपसाठी काढ, सगळा खेळ त्याच्यावर आहे.

आता थांब्याचा वेळ कसा लिहायचा. एक फिक्स भाग, म्हणजे दार उघडणं, डबल बेल, परत ट्रॅफिकमध्ये घुसणं. त्यात चढणाऱ्यांचे आणि उतरणाऱ्यांचे सेकंद मिळवायचे, पण चढायचं-उतरायचं दार वेगळं असेल आणि लोक ते पाळत असतील तर दोन्हीतला मोठा आकडा घ्यायचा, एकाच दारात रेटारेटी असेल तर बेरीज. आणि उभ्या प्रवाशांची एक टर्म हवीच हवी, कारण पॅसेज भरला की माणशी ३ सेकंदाचे ५ कधी होतात कळत नाही, आधी आतल्यांनी सरकायचं मग पायरीवरचा वर येणार. लेट बस भरलेलीच असते म्हणून ही टर्म सोडलीस तर बंचिंग, म्हणजे बसचं हे चिकटणं, खऱ्यापेक्षा कमी दिसेल. परदेशी पेपरमधले माणशी सेकंद मात्र उचलू नकोस, तिकडे बऱ्याच ठिकाणी पैसे किंवा कार्ड ड्रायव्हरपाशी दारातच चालतं, आपल्याकडे कंडक्टर आत फिरून तिकीट फाडतो, त्यामुळे दारात फक्त चढणं होतं. पिंपरी-चिंचवडला बीआरटीच्या (बससाठी वेगळी लेन असलेल्या मार्गाच्या) स्टॉपवर फलाट बसच्या फ्लोअरच्या उंचीला आहे, तिथले आकडे साध्या स्टॉपपेक्षा वेगळे येणार, दोन्ही एकत्र करू नकोस.

डेटाबद्दल जरा जास्त सांगतो कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. जीपीएसचा पिंग, म्हणजे बस कुठे आहे त्याची नोंद, १० किंवा ३० सेकंदांनी येत असेल तर ८ सेकंदांचा थांबा त्यात धड दिसणारच नाही. स्टॉप सिग्नलच्या अलीकडे असेल तर बस उभी असलेला वेळ म्हणजे अर्धा लाल दिवाच. आणि तिकीट मशीनचा डेटा बघून लोक हुरळून जातात, पण त्यातली वेळ तिकीट फाडल्याची असते, चढल्याची नाही, गर्दीत कंडक्टर दोन स्टॉप पुढे गेल्यावर तिकीट देतो, शिवाय मशीनमध्ये स्टॉप नाही, स्टेज (भाड्याचा टप्पा) असते आणि एका स्टेजमध्ये एकापेक्षा जास्त स्टॉप असू शकतात. पासवाले तर त्यात येतच नाहीत, कॉलेजच्या वेळेला त्यांचीच गर्दी. म्हणून दोन-तीन स्टॉप निवड, मित्राला घे, एकाने चढणारे मोजायचे दुसऱ्याने उतरणारे, मोबाईलवर दार उघडल्याची आणि बस हलल्याची वेळ, आणि आत माणसं उभी होती का एवढं फक्त हो-नाही. सकाळची गर्दी आणि दुपार दोन्ही घे. मग साधं रिग्रेशन लाव, म्हणजे या मोजमापांवरून फिक्स भाग आणि माणशी सेकंद काढ, उरलेला फरक नॉर्मल (दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला) धरू नकोस, लॉगनॉर्मल (जास्त वेळाच्या बाजूला लांब शेपटी असलेला) बऱ्यापैकी बसतो, कारण अधूनमधून एखादी आजी, एखादं मोठं बोचकं असतंच.

हे झालं की कंट्रोलकडे, म्हणजे बस मुद्दाम थोडी थांबवून चिकटणं टाळण्याकडे वळ, आधी नको. डगान्झो या संशोधकाची २००९ ची पद्धत पुढच्या बसपासूनचं अंतर (मिनिटांतलं) बघून थोडं थांबवते. बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन यांची २०१२ ची मागच्या बसचं अंतर बघते आणि टाइमटेबल बाजूलाच ठेवते, ती अटलांटात जॉर्जिया टेकच्या बसवर चालवूनही पाहिलीय. मला आपल्याकडे दुसरी जास्त जवळची वाटते, टाइमटेबल गाठायच्या धडपडीत ड्रायव्हर पळवतो आणि स्टॉप सोडतो ते तरी टळेल. थांबवायचं ते टर्मिनसला किंवा जिथे गाडी बऱ्यापैकी रिकामी होते तिथे, भरलेली बस मधल्या स्टॉपला दोन मिनिटं उभी केलीस तर आतले ५० जण खवळतील आणि ते बरोबरच आहे. मॉडेलमध्ये थांबवायला एक वरची मर्यादा ठेव, आणि रिझल्ट सरासरी अंतराने मोजू नकोस, प्रवाशाला किती ताटकळावं लागलं त्याने मोज: दर १० मिनिटांनी एक बस असेल तर सरासरी ५ मिनिटं, दर २० मिनिटांनी दोन एकदम आल्या तर १०, बसची संख्या तेवढीच. पहिल्या रनमध्ये कंट्रोल बंद ठेवून हा आकडा काढ आणि इथे टाक, मग किती थांबवायचं ते बघू.