सँडलच्या अंगात नेमकं कोण?

या वेळची तिन्ही पत्रं ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओगेम मालिकेवर आहेत आणि तिन्हींत झपाटण्याचाच विषय आहे, म्हणून एकत्र घेतेय. ज्यांनी तिचा २०२४ चा भाग ‘द व्हेलगार्ड’ अजून खेळलेला नाही त्यांनी दुसऱ्या उत्तराचा शेवट वगळावा. नंतर मला बोल लावू नका.

प्रश्न : ‘ड्रॅगन एज २’मधला जादूगार अँडर्स पहिल्यापासूनच डीमनच्या ताब्यात होता आणि ‘जस्टिस’ हे नुसतं नाटक होतं, असं माझा मित्र ठासून सांगतो. चँट्री (तिथलं धर्ममंदिर) अँडर्सने उडवली की त्याच्या आत बसलेल्याने? मी शेवटी त्याला मारलं आणि आता चैन पडत नाही.

मीही मारलं होतं, २०११ साली, पहिल्याच खेपेला. शहर पेटलेलं असतं आणि तो खोक्यावर पाठमोरा बसून राहतो. ना पळतो, ना हात उचलतो. मागून सुरी घालायची, की संपलं. दुसऱ्या खेपेला मी त्याला सोडलं, तर सेबास्टियन हा दुसरा सोबती तावातावाने निघून गेला. तेव्हा चैन कशानेच पडत नाही, हे आधी लक्षात घ्या.

मित्राचा तर्क मात्र टिकत नाही, आणि तो मोडायला २०१० चा ‘अवेकनिंग’ हा भाग पुरतो. त्यात अँडर्स आणि जस्टिस हे दोन वेगळे सोबती आहेत. एकाच पथकात शेजारी चालतात, आपसांत वाद घालतात. अँडर्स तेव्हा थट्टेखोर, मांजराचं पिल्लू जवळ बाळगणारा. जस्टिस हा फेडमधला, म्हणजे स्वप्नांच्या आणि आत्म्यांच्या जगातला, आत्मा. ब्लॅकमार्शमध्ये तो आपल्या जगात फेकला गेला आणि क्रिस्टॉफ नावाच्या मेलेल्या वॉर्डन योद्ध्याच्या देहात अडकला. क्रिस्टॉफची बायको समोर येते तेव्हा या न्यायमूर्तीची जी अवस्था होते ती बघाच. अशा वाटचालीत तो अँडर्सला टोकतो, की तू स्वतः सर्कलमधून (जादूगारांना डांबून ठेवतात त्या मनोऱ्यातून) सुटलास, पण बाकीच्या जादूगारांचं काय? पुढच्या साऱ्या अनर्थाचं बी मला त्या टोमण्यात दिसतं.

आपल्या भाषेत पछाडणं वेगळं आणि अंगात घेणं वेगळं. एकात दार फोडलं जातं, दुसऱ्यात ते आतून उघडलं जातं. अँडर्सने दार स्वतः उघडलं. मित्राचा देह कुजत चाललाय, त्याला आसरा द्यावा, आणि त्याची ताकद जादूगारांच्या कामी यावी, असा हिशेब होता. फक्त आत आलेल्याला घरात आधीपासून किती राग साठलाय याची कल्पना नव्हती. न्यायाचा सूड झाला तो त्या रागात मुरून. हे पटत नसेल तर २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये सोलास या एल्फ जादूगाराची जुनी मैत्रीण आठवा. ती प्रज्ञेचा आत्मा. काही जादूगारांनी डाकूंपासून राखण करायला तिला जबरदस्तीने बांधलं, आणि तिचा गर्वाचा डीमन झाला. या जगात आत्मा आणि डीमन ही दोन वेगळी जनावरं नाहीत. दूध आणि नासलेलं दूध, एवढाच फरक.

आता स्फोट कोणी केला? माझं मत विचाराल तर अँडर्सने. जस्टिस वर येतो तेव्हा लपून येत नाही. कातडीला भेगा पडल्यासारखा उजेड फुटतो, आवाज बदलतो, आणि गॅलोज या सर्कलच्या गढीखालच्या बोगद्यात तर तो ज्या मुलीला वाचवायला गेलेला असतो तिच्याच जिवावर उठतो. अशा माणसाला, म्हणजे आत्म्याला, धीर धरून साहित्य गोळा करता येईल? चँट्रीचा घाट कसा घातला बघा. सेला पेट्रे आणि ड्रेकस्टोन हे स्फोटकाचे घटक हॉककडून, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राकडून, आणवले. जस्टिसला माझ्यापासून वेगळं करणारं औषध करायचंय, अशी थाप मारली. मग चँट्रीच्या प्रमुख ग्रँड क्लेरिकला बोलण्यात गुंतव म्हणून हॉकलाच गळ घातली. ही थाप फार बारकाईने रचलेली आहे, आणि थाप मारायला माणूस लागतो. आग जस्टिसची असेल, पण वात वळली अँडर्सने. सुरी मारल्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते यावरून तुम्हीच ठरवा.

प्रश्न : व्यापारी बोडानचा मुलगा सँडल हा साधाभोळा ड्वॉर्फ (बुटक्या वंशातला) नसून त्याच्यात कुणीतरी बलाढ्य डीमन दडलाय, असा तर्क मी अनेकांकडून ऐकला. तुम्हाला काय वाटतं?

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट पाहत होते! सँडलला सगळे विसरतात. नाव ऐकून चपला आठवतात, ते सोडा.

आधी पुरावे. बोडानला तो डीप रोड्समध्ये, म्हणजे ड्वॉर्फांच्या जमिनीखालच्या जुन्या रस्त्यांत, सापडला. आईबाप कोण, पत्ता नाही. शस्त्रांवर रून्स, म्हणजे मंतरलेल्या खुणा, बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि तोंडात शब्द बहुतेक एकच, ‘एनचँटमेंट!’ २००९ च्या ‘ओरिजिन्स’मध्ये शेवटच्या लढाईत फोर्ट ड्रेकनमध्ये तो डार्कस्पॉन राक्षसांच्या मढ्यांच्या गराड्यात एकटाच उभा असतो. दुसऱ्या भागात डीप रोड्समध्ये पुन्हा तेच, वर एक दांडगा ऑगर राक्षस जागच्या जागी गोठलेला. हे कसं केलंस विचारलं तर उत्तर, ‘नॉट एनचँटमेंट!’ मी त्या जागी पाच मिनिटं कॅमेरा फिरवत बसले होते. आणि तिसऱ्या अंकात, हॉकच्या घरात, हे पोरगं एकाएकी सरळ वाक्यांत भविष्य सांगतं. जादू परत येईल, सगळे पूर्वी होते तसे होतील, आकाश उघडेल. तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या भागाची सुरुवातच फाटलेल्या आभाळाने झाली, तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता.

यावर शंकेखोरांचं ठरलेलं उत्तर असं, की दुसरा भाग म्हणजे हॉकच्या सोबत्याने, व्हॅरिकने, चौकशी करणाऱ्या कसँड्राला सांगितलेली गोष्ट, आणि व्हॅरिक तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाही. कबूल. पण फोर्ट ड्रेकनच्या वेळी व्हॅरिक कुठे होता? तो प्रसंग कुणी रंगवून सांगितलेला नाही, तो आपण स्वतः खेळलोय. म्हणजे या पोरात काहीतरी आहे, एवढं नक्की.

ते डीमन आहे का? इथे मी तर्क करणाऱ्यांची साथ सोडते. ड्वॉर्फ स्वप्नं पाहत नाहीत. फेडशी त्यांचं नातं नाही, म्हणून त्यांच्यात जादूगार जन्मत नाहीत. डीमनला जादूगाराच्या अंगात शिरायला वाट असते ती स्वप्नाची. इथे भिंतीला दारच नाही. यावर कुणी म्हणेल, मढ्यांना आणि झाडांनाही डीमन धरतातच की, ती कुठे स्वप्नं बघतात? धरतात, पण चुकून, जिवंत समजून, आणि मग पिसाळून दिसेल त्याच्यावर धावून जातात. सँडल वर्षानुवर्षं शांतपणे रून्स बसवतोय.

माझ्या लेखी त्याहून मोठा मुद्दा हावेचा आहे. या मालिकेतल्या प्रत्येक डीमनला काहीतरी हवं असतं. रागाला जाळायचं असतं, आळसाला निजवायचं असतं, वासनेला सौदा करायचा असतो, गर्वाला वर चढून बसायचं असतं. दुसऱ्या भागातल्या मेरिल या जादूगारणीच्या डीमनने तर जादूच्या आरशाचं गाजर दाखवून वर्षानुवर्षं वाट पाहिली. सँडलला काय हवंय? कुणाकडून त्याने आजवर काय मागितलं? कुणी अंगात असेल तर त्याच्यासारखा निर्हेतुक पाहुणा मी पाहिलेला नाही.

मला ओढ आहे ती दगडाकडे. २०१५ च्या ‘द डिसेंट’मध्ये कळलं, की लिरियम हे जादूचं खनिज म्हणजे टायटनचं, जमिनीखालच्या महाकाय जीवाचं, रक्त. त्यातली व्हाल्टा ही ड्वॉर्फ टायटनशी जोडली गेली आणि तिच्या हातात नवी शक्ती आली. ‘व्हेलगार्ड’मध्ये पुढचं कोडं सुटलं. टायटन्सची स्वप्नं सोलासने तोडली होती, ड्वॉर्फांना स्वप्नं पडत नाहीत त्याचं मूळ तिथे. हार्डिंग या ड्वॉर्फ सोबतिणीला दगडाची जादू येते तीही त्याच नात्याने. मग डीप रोड्समध्ये सापडलेलं, रून्सपायी अहोरात्र लिरियम हाताळणारं एक पोर, ज्याचा तो धागा तुटायचाच राहून गेला, असं का नसावं? गेमने याला कुठेही दुजोरा दिलेला नाही, हा पूर्णपणे माझा पतंग. पण यात ऑगर गोठतो, भविष्यही बसतं, आणि बाहेरून कुणाला आत शिरावं लागत नाही.

(दुसऱ्या भागातली, जादूगारांवर पहारा ठेवणाऱ्यांची सेनापती मेरेडिथही झपाटलेली होती का, असं याच पत्राच्या शेवटी विचारलंय. नाही. तिला बिघडवलं लाल लिरियमच्या मूर्तीने, ज्या मूर्तीने आधी व्हॅरिकच्या भावाचं, बार्ट्रांडचं, डोकं फिरवलं. पुढे बियांका या ड्वॉर्फने शोधलं, की लाल लिरियमला ब्लाइटची, डार्कस्पॉनच्या रोगाची, लागण झालेली असते. तो रोग आहे, डीमन नव्हे.)

प्रश्न : ‘ओरिजिन्स’मध्ये रेडक्लिफच्या किल्ल्यातल्या कॉनर या पोराला डीमनपासून सोडवताना सर्कलच्या जादूगारांची मदत आणायला गेलं, तर मागे डीमन गाव संपवतो का? मी त्या भीतीने अडकलोय.

निर्धास्त जा. गाव एकदा रात्रीच्या हल्ल्यातून वाचवलंत, की नंतर तुम्ही सर्कलला जाऊन याल तोवर किल्ल्यात काही घडत नाही. पोराने बाप वाचावा म्हणून वासनेच्या डीमनशी सौदा केला, आणि तो डीमन तुमच्यासाठी खुशाल ताटकळत बसतो. यावरही तर्क आहेत, की त्याला तुमच्याशीच नवा सौदा करायचा असतो म्हणून तो थांबतो. फेडमध्ये तो तसा देऊ करतोही. पण खरं कारण साधं आहे, लेखकांनी घड्याळ लावलेलं नाही.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! गावात मुडदे पडतील या धास्तीने मी सर्कलला गेलेच नाही. कॉनरच्या आईने, आयसोल्डेने, स्वतःहून जीव देऊ केला, मी होकार दिला, जोवान या जादूगाराने रक्तजादू केली आणि माझी सोबतीण मॉरिगन फेडमध्ये गेली. कॉनर वाचला. सर्कलचा रस्ता बिनधोक होता हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

‘इन्क्विझिशन’ सुरू करताना जुने निर्णय सोबत न्यायचे असतील तर ते ‘ड्रॅगन एज कीप’ या संकेतस्थळावर नोंदवावे लागतात. तिथे खोटं लिहिता येतं, कुणी तपासत नाही. मी रेडक्लिफच्या चौकटीवर बराच वेळ थांबले आणि घडलं तेच निवडलं. पुढे रेडक्लिफमध्ये जादूगारांच्या घोळक्यात मोठा झालेला कॉनर दिसला. मी त्याच्याजवळ गेले, बोलायचं बटण दाबलं नाही, आणि तशीच बाजूने निघून गेले.