काळ्या कातळाखालचे धातू

प्रश्न : मी मुंबईच्या एका महाविद्यालयात भूविज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोखंड, मँगेनीज, बॉक्साइट सगळे सापडून झाले, आता संशोधनाला काय उरले, असे घरी विचारतात. खनिजशोधात पुढे खरोखर काही काम आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. भंडारा-नागपूरचे मँगेनीज किंवा सुरजागडचे लोहखनिज यांसारखे जमिनीवर उघडे पडलेले साठे पूर्वीच्या पिढ्यांनी हेरले. उरले आहेत ते झाकलेले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅमचा तांबे-युरेनियमचा प्रचंड साठा 1975 मध्ये सापडला, तो तीनशे मीटरहून जाड, निरुपयोगी थराखाली; गुरुत्व आणि चुंबकत्वाच्या मोजणीत तिथे काहीतरी वेगळे दिसले, म्हणून बोअर घेतले गेले.

असेच झाकण आपल्याही पायाखाली आहे. मुंब्र्याजवळ लोकलच्या खिडकीतून दिसणारा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. 1967 च्या भूकंपामुळे गाजलेल्या कोयना परिसरात संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, संपल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. बेसाल्टखालच्या या जुन्या खडकात धातू कुठे असतील, हे वरून ओळखण्याच्या पद्धती अजून कच्च्याच आहेत.

त्याहून मला मोह पडतो तो निकेलच्या कोड्याचा. सायबेरियातही असाच अफाट लाव्हा वाहिला आणि नोरिल्स्कला निकेल, तांबे व प्लॅटिनम गटातील धातूंचा जगप्रसिद्ध साठा तयार झाला. कारण वर येणाऱ्या शिलारसाने वाटेतल्या खडकांतील गंधक शोषले, त्यातून सल्फाइडचे (गंधक व धातूंच्या संयुगांचे) थेंब पाण्यातल्या तेलासारखे वेगळे झाले आणि त्यांनी धातू ओढून घेतले. दख्खनमध्ये असा मोठा साठा अद्याप हाती आलेला नाही. मात्र लाव्हाच्या एखाद्या प्रवाहातील खडकात निकेल अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर ते खाली कुठेतरी मागे राहिले असण्याची शक्यता असते. हातातल्या मूठभर खडकावरून असा माग काढणे हे चांगले प्रबंधाचे काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा सध्या गाजावाजा आहे. तिचा उपयोग नक्कीच आहे, परंतु माहीत असलेल्या साठ्यांवरच शिकवलेली प्रणाली बहुधा माहीत असलेल्याच जागांकडे बोट दाखवते. आकड्यांबाबतही सावध राहावे. जम्मूतील रियासी येथे 2023 मध्ये लिथियमचा 59 लाख टनांचा साठा जाहीर झाला, तो अनुमानित, म्हणजे जी-3 या प्राथमिक शोधाच्या पातळीवरचा. लिथियम कोणत्या खनिजात, कसे अडकले आहे आणि ते परवडेल अशा खर्चात सुटे होईल का, हा त्यापुढचा प्रश्न असून तिथे खनिजशास्त्रज्ञाला धातुतज्ज्ञाशेजारीच बसावे लागते.

तेव्हा एम.एस्सी. कराच, पण भूभौतिकी आणि संख्याशास्त्र टाळू नका. पवईच्या आयआयटीतील प्रवेशासाठी जॅम परीक्षा द्यावी लागते. तिच्यात भूविज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो.